एका यंत्रात तीन मुक्काम बसविल्याची हकीकत

श्री. ज्या देवतेने वाट निर्मिली, आणि वाट चालावयास पाय दिले, आणि पाय थकल्यावर कागद दिला, तीस नमन करून हकीकत लिहिली जाते ती ऐसी जे, थोरल्या महाराजांच्या दोघा पुत्रांच्या चुली ज्या साली निराळ्या जाहल्या ते साल शके एकोणीसशे एकतीस, विरोधी नाम संवत्सर. चुली निराळ्या होण्यास कारण लोणच्याची बरणी ऐसे लोक म्हणतात, परंतु बरणी निमित्त, कारण जुने होते. चैत्र वद्य पंचमीस वाटणी जाहली आणि थोरले राजे तळ्यापलीकडील कोटात राहावयास गेले, त्यांस थोरली पाती म्हणावे ऐसे ठरले, आणि धाकटे राजे बावीस कोस खाली नदीच्या पेठेत गेले, त्यांस धाकटी पाती म्हणावे ऐसे ठरले, आणि महाराज स्वतः गढीतच राहिले. या घराण्याची चाल पूर्वापार ऐसी जे चूल वेगळी जाहली म्हणजे वर्ष सरेतो एकमेकांशी तोंडी बोलू नये, तोंडी निरोप पाठवू नये, आणि लेखी बोलावणे आल्याखेरीज एकमेकांचा उंबरा ओलांडू नये. तोंडचा शब्द ऊन असतो, कागदावर उतरेतो निवतो, हा चालीतील मतलब. आणि पणज्यांच्या वेळेस या चालीने दोन खून टळले ऐसे सांगतात, तेव्हा ती मोडण्याची कोणाची छाती नव्हती. दुसरी चाल ऐसी जे धन्याचे नाव कागदावर घालू नये. पत्र कोणासही असो, वर सरकार म्हणून लिहावे आणि खाली मुक्काम लिहावा. मुदपाकास लिहिणे तर मुदपाक म्हणून लिहावे, पागेस लिहिणे तर पागा म्हणून लिहावे. माणूस बदलतो, हुद्दा राहतो. या दोन्ही चाली चांगल्या, एकेकटी पाहता कोणतीत खोड काढिता येत नाही. दोन्ही एका यंत्रात घातल्या तेव्हा जे जाहले तेच येथे लिहावयाचे आहे.

वाटणीच्या दिवशी महाराजांनी आज्ञा केली जे, चुली तीन जाहल्या, आड एकच राहो. डाक तिन्ही घरांची एकाच ठिकाणी यावी आणि जावी, म्हणजे लेकरे कोठे आहेत ते आम्हांस कळत राहील. डाकेवर हैबती निंबा म्हणून वृद्ध मनुष्य होता. हा तीस वर्षे जासूद होता, पायाने मुलूख जाणत होता, आणि बेचाळिसाव्या वर्षी पाकिटांवरील पत्ते लावीत लावीत अक्षर शिकला होता, त्यामुळे वाचणे त्याचे सावकाश परंतु वाचलेले विसरणे नाही. धाकट्या राजांस याने लहानपणी खांद्यावर बसवून जत्रा दाखविली होती, आणि थोरल्या राजांस पोहणे याने शिकविले होते. अशा मनुष्यास महाराजांनी बोलावून सांगितले जे, हैबती, एकाचेही पत्र चुकता कामा नये. हैबती बोलिला जे, पायाने कधी चुकले नाही. महाराज बोलिले जे, आता पायाचे काम नाही, यंत्र येत आहे.

मग वैशाखात यंत्र आले. त्यास सर्व्हर म्हणत. ते दारूगोळ्याच्या जुन्या कोठीत ठेविले, कारण तेथे गारवा, आणि ते अहोरात्र घूं घूं ऐसा शब्द करी, जणू कोणी आत अडकून कण्हत आहे. त्यासंगे चिमणाशास्त्री म्हणून यंत्रशास्त्री आले. ते तीन दिवस राहिले, दोन दिवस आंबे खाल्ले आणि एक दिवस काम केले. त्यांणी सांगितले जे, ईमेलच्या पत्त्यात आधी नाव येते, मग वेटोळे येते, मग मुक्काम येतो. जगात कोणीही पत्र धाडिले तर ते या कोठीत येईल, आणि यंत्र ते ज्याच्या त्याच्या खणात टाकील, आणि ज्याचा तो आपल्या घरच्या पडद्यावर वाचील. आता आत दोन याद्या आहेत, एक घरच्यांची आणि एक परक्यांची, आणि कोणता मुक्काम कोणत्या यादीत घालावयाचा ते तुम्ही ठरवा, आम्हांस तुमच्या घरचे काय ठाऊक. इतके बोलून नऊशे पानांची पोथी हैबतीच्या हाती दिली आणि शास्त्री गाडीत बसले. हैबतीने पुसिले जे, शास्त्रीबुवा, अडले तर? शास्त्री बोलिले जे, पोथीत आहे.

हैबतीने त्या दोन याद्या उघडून एक दिवस विचार केला. गढी तर घरचीच. थोरली पाती, धाकटी पाती, या कोण? चुली वेगळ्या जाहल्या म्हणून लेकरे परकी जाहली काय? ज्या हाताने या दोघांस न्हाऊ घातले त्या हाताने त्यांस परक्यांच्या यादीत बसवावे, हे त्याच्याच्याने होईना. म्हणून त्याने तिन्ही मुक्काम घरच्यांच्या यादीत एकाखाली एक लिहिले, आणि परक्यांच्या यादीत माथ्यावर श्री काढून यादी कोरी ठेविली. इतकीच चूक. पुढील सात महिने जे जे घडले ते या तीन ओळींतून घडले, आणि ओळी लिहिताना त्या मनुष्याच्या मनात प्रीतीवाचून काही नव्हते.

ज्येष्ठात घोळास आरंभ जाहला. धाकट्या राजांच्या सासुरवाडीहून मुदपाकास पत्र आले जे, अमुक वारी तीनशे पान येत आहे, पुरणाचा बेत करावा. ते पत्र गढीच्या मुदपाकात पडले. गढीच्या आचाऱ्याने कोणास न पुसता तीन मण पुरण वाटले आणि तीनशे पाट मांडले, आणि कोणी आले नाही. आणि तिकडे पेठेत तीनशे माणूस दारात उभे आणि चुलीवर काही नाही, ऐसी फजिती जाहली. गढीवर आठ दिवस पुरणपोळी खाल्ली, शेवटी घोड्यांस घातली, तेव्हा घोडीही तोंड फिरवू लागली. मग थोरल्या पातीच्या पागेची पत्रे गढीच्या पागेस येऊ लागली. मग खुद्द महाराजांच्या खणात पत्र आले, त्यात चिरंजीव जावईबापू यांस अनेक आशीर्वाद ऐसे लिहिले होते. महाराज अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांणी हैबतीस बोलावून पत्र दाखविले आणि बोलिले, "हैबती, तुझ्या यंत्राच्या कृपेने या वयात मला सासरा मिळाला. मानपान काय करावा लागेल ते विचारून ठेव."

हैबती लाजेने खाली पाहत कोठीत आला आणि यादी दुरुस्त करू लागला. एक ओळ बदलावी, फरक नाही. दुसरी बदलावी, फरक नाही. नावांचा क्रम फिरविला, मुक्काम ठळक लिहिले, यादीस उदबत्ती दाखविली, फरक नाही. ऐसे पंधरा दिवस गेले, आणि सोळाव्या दिवशी पोथीच्या चारशे बाराव्या पानावर सापडले जे, यादी नुसती लिहून भागत नाही, लिहिल्यावर यंत्रास पढवावी लागते, पढविल्याखेरीज यंत्र जुनेच खरे मानिते. म्हणजे पंधरा दिवस जे लिहिले आणि पुसले ते सर्व भिंतीशी बोलणे जाहले. मग त्याने पढविले, तेव्हा पंधरा दिवसांच्या सर्व चुका एकदम लागू जाहल्या आणि दोन दिवस कोणाचेच पत्र कोणास गेले नाही.

मग पोथी चाळता चाळता समासात कोणा पूर्वीच्या धन्याचे हस्ताक्षर दिसले जे, अनेक मुक्कामांची पत्रे एकाच खणात पडतात, ही अडचण आम्हांसही आली होती. हैबतीचा जीव भांड्यात पडला. खाली लिहिले होते, आता दूर झाली, आभार. कशाने दूर झाली ते लिहिले नव्हते. ऐसी हस्ताक्षरे पोथीत अकरा ठिकाणी होती, अकरा माणसे, अकरांचीही अडचण दूर झालेली, आणि कशी ते एकानेही सांगितलेले नाही. हैबतीने जन्मात कोणास शिवी दिली नव्हती, त्या दिवशी त्याने अकरा दिल्या आणि मग हात धुतले. चिमणाशास्त्र्यांस पुसावे तर ते म्हणत जे, यंत्र बंद करून चालू करा. केले. मग म्हणत जे, आता चालू करून बंद करा. तेही केले. घरी बायको सगुणा जेवण वाढिता वाढिता बोलिली जे, अहो, त्या यंत्रापुढे जेवढे हात जोडिता तेवढे देवापुढे जोडिले असते तर देव खाली येऊन पत्रे वाटून गेला असता. हैबती बोलिला जे, देवास परवलीचा शब्द ठाऊक नाही.

मग आषाढात त्याने एक तोड काढिली. घरच्यांच्या यादीतील नावे तशीच ठेविली, आणि त्यांतील थोरली व धाकटी पाती ही दोन नावे परक्यांच्या यादीतही लिहिली, म्हणजे कोणाचाच मान जाणार नाही आणि काम होईल. यंत्र कुरकुरले जे, एकच मुक्काम दोन्ही याद्यांत आहे, हे ठीक नाही. हैबती बोलिला जे, एकच माणूस दोन्हीकडे असतो, तुला काय कळते. यंत्राने एकदा कुरकुर लिहून ठेविली आणि घरच्यांचीच यादी खरी मानिली. मग खात्री करावी म्हणून हैबतीने तीन पत्रे धाडिली. काय धाडिली, तर हैबती मुक्काम गढी, हैबती मुक्काम थोरली पाती, हैबती मुक्काम धाकटी पाती, ऐसी आपल्याच नावे तीन. तिन्ही त्याच्या खणात आली. तो इतका हर्षला की डोळ्यांस पाणी आले. अरे, तिन्ही तुझ्याच नावाची, ती तुझ्याच खणात यावयाची, यात यंत्राचे शहाणपण कोठे, हे त्या वेळी सांगणारा कोणी नव्हता. त्यातच लोकांनी कंटाळून लिहिणेच सोडिले होते, म्हणून चुकणेही थांबले होते. तेव्हा हैबतीने भाद्रपदात महाराजांपुढे जाऊन सांगितले जे, डाक सुधारली. हे वाक्य त्यास पुढे फार महाग पडले.

भाद्रपद वद्यात महाराजांस ताप आला आणि तो गेला, परंतु जाताना पायांतील बळ घेऊन गेला. वैद्य तोंडावर बरे आहे म्हणत आणि बाहेर आल्यावर बोलत नसत. मग आश्विन वद्य त्रयोदशीस महाराजांनी पडद्यावर आपल्या हाताने दोन पत्रे लिहिली, एक सरकार मुक्काम थोरली पाती आणि एक सरकार मुक्काम धाकटी पाती, आणि दोन्हींत मजकूर एकच जे, प्रकृती बरी नाही, दिवाळीच्या अभ्यंगास दोघांनी यावे, मी आहे तोवर येऊन जावे, हेच बोलावणे समजावे. दोन पत्रांस एक प्रहर लागला. आणि यंत्राने दोन्ही पत्रांवर सरकार हे नाव पाहिले आणि दोन्ही महाराजांच्याच खणात आणून टाकिली. महाराजांनी पडद्यावर आपलीच दोन पत्रे पाहिली, आणि समजले ते ऐसे जे डाक तर सुधारली आहे, हैबती खोटे बोलत नाही, तेव्हा पुत्रांनी पत्र न वाचता परत केले. ते कोणास काही बोलिले नाहीत. नरक चतुर्दशीस पहाटे दोन पाट मांडून ठेविले, उटणे काढून ठेविले, आणि ऊन पाणी निवेतो बसून राहिले. त्या दिवसापासून अन्न कमी जाहले.

हे हैबतीस कार्तिक शुद्ध द्वादशीस कळले, तेही हुजऱ्याकडून. तो पाटांची गोष्ट ऐकून कोठीत गेला आणि महाराजांचा खण पाहिला, आणि दोन पत्रे पाहिली, आणि खाली बसला. मग पोथी पहिल्या पानापासून, अक्षरास अक्षर लावून वाचू लागला. घरी जाणे जेवणापुरते. कार्तिक वद्य तृतीयेस एकशे सत्ताविसाव्या पानावर आला, जे पान त्याने वैशाखात सोपे म्हणून सोडिले होते. तेथे लिहिले होते जे, घरच्यांच्या यादीत जे मुक्काम आहेत तेथे यंत्र नुसते नाव पाहते, मुक्काम पाहत नाही, कारण घरात एका नावाचा एकच असतो. परक्यांच्या यादीत जे आहेत तेथे यंत्र नाव आणि मुक्काम दोन्ही पाहते आणि ज्याचा त्यास निराळा खण देते. पुढे लिहिले होते जे, एकच मुक्काम दोन्ही याद्यांत कधीही घालू नये. हैबतीने ते पान तीनदा वाचिले. घरचे म्हटले म्हणून कोणी कोणाचा मुक्काम पाहिला नाही, आणि परके म्हटले असते तर पत्र दारात गेले असते, ऐसे त्या यंत्राचे शास्त्र. शास्त्र खोटे नाही म्हणूनच त्याचा संताप फार आला.

तो तसाच महाराजांकडे गेला आणि पायाशी बसून सर्व सांगितले जे, पत्रे कुमारांनी परत केली नाहीत, त्यांस मिळालीच नाहीत, अपराध माझा. महाराजांनी डोळे मिटून ऐकिले. मग पुसिले जे, आता उपाय काय? हैबती बोलिला जे, उपाय दोन, एक तर पत्रावर कुमारांचे नाव घालावे. महाराज बोलिले जे, सात पिढ्यांत घातले नाही. हैबती बोलिला जे, तर मग दुसरा, दोघांस घरच्यांच्या यादीतून काढून परक्यांच्या यादीत लिहावे. तेव्हा महाराजांनी डोळे उघडिले आणि बोलिले, "मी जिवंत आहे तोवर माझी पोरे त्या यादीत जाणार नाहीत. तू घरचे लिहिलेस ते बरोबर लिहिलेस. चूक तुझ्या यंत्राची." आणि भिंतीकडे तोंड केले.

आता हैबतीस पेच ऐसा पडला जे, आज्ञा पाळावी तर पत्र जात नाही आणि धनी पुत्रांवाचून जातात, आणि आज्ञा मोडावी तर जन्माचे इमान जाते. तोंडी जाऊन सांगावे तर चाल आडवी. महाराजांकडून कागदावर नवे पत्र लिहून घेऊन पायाने पोचवावे तर त्यांच्या हातात लेखणी राहत नव्हती. त्याने दोन दिवस वैद्याच्या तोंडाकडे पाहिले आणि वैद्याने दोन दिवस जमिनीकडे पाहिले. मग त्याने ती दोन पत्रे महाराजांच्या खणातून काढून यंत्राच्या ओवरीत थांबवून ठेविली, जेथे वाट चुकलेली पत्रे बसून राहतात, आणि मनाशी ठरविले जे, धन्याची आज्ञा मोडावयाची तर ज्यांस परके लिहावयाचे त्यांच्या तोंडून हुकूम घ्यावा, चोरून लिहू नये. डाकेच्या कामास डाकनवीस कोणाच्याही दारात जाऊ शकतो, त्यास चालीची आडकाठी नाही.

कार्तिक वद्य षष्ठीस तळ्यास वळसा घालून थोरल्या राजांकडे गेला आणि पुसिले जे, सरकार, आपणांस परक्यांच्या यादीत लिहू काय, त्यावाचून पत्र येत नाही. थोरले राजे शांत होते, विडा लावीत होते, बोलिले जे, लिहावयास हरकत नाही, परंतु आधी धाकट्याचे लिही, आम्ही आधी गेलो तर लोक म्हणतील जे घर थोरल्याने फोडिले. हैबतीने विनविले जे, दोन ओळी आहेत, एकीखाली एक यावयाच्याच. राजे बोलिले जे, तेच सांगतो, खालची आमची. तेव्हा पोहणे शिकविताना या मुलास आणखी थोडे पाणी पाजिले असते तर बरे होते, ऐसे हैबतीच्या मनात येऊन गेले, आणि तो मुजरा करून निघाला.

मग गाडी करून बावीस कोस पेठेस गेला, सप्तमीस दुपारी पोचला. धाकटे राजे कचेरीत पडद्यापुढे बसले होते. सात महिन्यांत त्यांच्या खणात एक पत्र पडले नव्हते, तरी सकाळ-दुपार पडदा उघडून बसण्याची त्यांस सवय लागली होती. हैबतीस पाहून ते उठले आणि हैबतीबा म्हणून त्याचा हात धरिला, आणि पहिला प्रश्न हाच जे, बाबासाहेबांची प्रकृती कशी आहे. तो बोलिला, "तोंडी सांगण्याची चाल नाही, सरकार. डाकेचे काम घेऊन आलो." आणि दोन याद्यांची सर्व हकीकत सांगितली, आणि महाराजांचा मनाईचा हुकूम सांगितला, कारण तो डाकेच्या कामातला होता, आणि थोरल्यांची अटही सांगितली.

धाकटे राजे ऐकता ऐकता हसू लागले, आणि हसणे चांगले नव्हते. ते बोलिले जे, सात महिने आम्ही समजत होतो की गढीने आम्हांस टाकिले, आणि आम्ही तर घरच्यांच्या यादीत होतो. मग हैबतीच्या खांद्यावर हात ठेवून बोलिले, "हैबतीबा, घरचा म्हणून लिहिलात आणि एक ओळ मिळाली नाही. परका म्हटल्याने बाबासाहेबांचे अक्षर दिसत असेल तर मला परका लिहा. आधी माझेच लिहा."

मग तेथूनच, त्यांच्या पडद्यावर, परवलीचा शब्द घालून हैबतीने याद्या उघडिल्या. घरच्यांच्या यादीतून धाकटी पाती ही अक्षरे काढावयाची होती. एक एक अक्षर मागून पुढे पुसत गेला, सात अक्षरे... नव्हे, पाच अक्षरे, परंतु त्यास वेळ फार लागला. परक्यांच्या यादीत ओळ आधीची होतीच, ती एकटी उरली. मग थोरली पातीही घरच्यांतून पुसली आणि परक्यांतील तिची ओळ धाकटीच्या खाली आणिली, थोरल्या राजांच्या मनाप्रमाणे. मग ओवरीतील पत्रांस निघण्याची आज्ञा करावयाची, ती करणार तोच वैशाखापासूनचे सर्व कष्ट आठवले आणि हात आवरिला, कारण यादी पढविली नव्हती. तशीच आज्ञा गेली असती तर पत्रे पुन्हा महाराजांच्याच खणात पडली असती आणि त्यांस दुसऱ्यांदा आपलेच पत्र वाचावे लागले असते. त्याने आधी पढविले. यंत्र कुरकुरले नाही. मग पत्रे सोडिली. खणात एक टिचकी वाजल्यागत शब्द जाहला आणि पडद्यावर ओळ उमटली, सरकार मुक्काम धाकटी पाती. राजांनी पत्र उघडिले. वरची तिथी आश्विन वद्य त्रयोदशी, म्हणजे पत्र चोवीस दिवसांचे. वाचून ते इतकेच बोलिले, "दिवाळी तर होऊन गेली." आणि पगडी न घालताच गाडीत बसले.

थोरल्या राजांस त्यांचे पत्र त्याच क्षणी तळ्यापलीकडे मिळाले, ते विडा तसाच टाकून सायंकाळी गढीत आले. धाकटे राजे अष्टमीस सूर्योदयी पोचले, हैबती मागून. महाराजांस उशांचा टेका देऊन बसविले होते, थोरले राजे पाय चेपीत होते. धाकटे उंबऱ्यात थांबले, कारण चाल अंगात भिनलेली, आणि बोलिले जे, पत्र मिळाले, आलो. महाराजांनी त्यांस पाहिले, मग मागे उभ्या हैबतीस पाहिले, आणि पुसिले जे, कोणत्या यादीतून मिळाले? हैबतीने मान खाली घातली. धाकटे राजे बोलिले, "ज्या यादीत पत्र पोचते त्या यादीतून, बाबासाहेब." महाराज बोलिले जे, आत ये, तेथे उभा राहिलास तर खरेच परका दिसतोस. आणि हुजऱ्यास सांगितले जे, पाट मांडा, उटणे असेल तर काढा, अभ्यंग राहिले आहे. कार्तिक वद्य अष्टमीस कोणी दिवाळीचे अभ्यंग करीत नाही, परंतु त्या दिवशी गढीत जाहले. दोघे राजे चाळिशीच्या पुढले, शेजारी शेजारी पाटांवर बसले, आणि महाराजांनी हात पोचेना तरी दोघांच्या पाठीस बोट बोट उटणे लाविले, आणि लोणच्याची बरणी कोणाची हा वाद त्याच पाटांवर पुन्हा एकदा जाहला, तो महाराजांनी हसत ऐकिला. हैबती बाहेर ओसरीवर बसला होता. त्यास रागे भरावे ऐसे कोणाच्या ध्यानी राहिले नाही, आणि हुकूम मोडिल्याची माफीही कोणी दिली नाही.

तात्पर्य इतकेच जे, एका यंत्रात अनेक मुक्काम बसवावयाचे तर घरच्यांच्या यादीत एकच मुक्काम ठेवावा, बाकीचे निराळे लिहावे, दोन्हीकडे लिहू नये, लिहिल्यावर पढवावे, आणि खात्रीचे पत्र आपल्या नावे धाडू नये. अडचण कशाने दूर जाहली ते हैबतीने पोथीच्या एकशे सत्ताविसाव्या पानाच्या समासात सविस्तर लिहून ठेविले आहे. त्या पोथीत ऐसे लिहिणारा तो एकटाच. घरच्यांच्या यादीत आता गढी एवढी एक ओळ आहे.

थोरले महाराज शके एकोणीसशे एकतीस, कार्तिक वद्य नवमीस, मंगळवारी, प्रहर दिवस चढता वारले. दोन्ही पुत्र जवळ होते.